विश्लेषण : पंडिता रमाबाईंनी प्रार्थनेचे दार बंद का केले नाही?

पंडिता रमाबाई म्हटले की शारदा सदन, विधवांचे शिक्षण आणि धर्मांतराचा वाद या तीन गोष्टी चटकन आठवतात. पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे देव सापडला, असे खुद्द रमाबाईंनाही वाटत नव्हते. बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये. देवाशी आपले खरे नाते जुळले, असे त्यांना वाटायला त्यानंतर सुमारे आठ वर्षे लागली. मधल्या काळात त्या वाद घालत राहिल्या, वाचत राहिल्या आणि नंतर आयुष्यभर प्रार्थना करत राहिल्या. त्या प्रार्थनेची किंमतही त्यांना मोजावी लागली.

व्रते, तीर्थयात्रा आणि दुष्काळ

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळ इथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला होता. रमाबाई संस्कृत शिकल्या त्या आईकडून. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांमधून फिरत पुराणे सांगत असे. उपास, व्रते, दानधर्म यांत कसूर नव्हती. १८७० च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही काळाच्या अंतराने गेले. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देश फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पदव्या मिळाल्या, पण एवढे सगळे विधी निष्ठेने करूनही देवाने ऐकले का नाही, हा प्रश्न सुटला नव्हता.

पुढची चार वर्षे धावपळीची आणि दुःखाची. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पती कॉलऱ्याने गेले. पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. ख्रिस्ती ग्रंथाशी त्यांची जवळून ओळख झाली ती तिथे.

बाप्तिस्म्यानंतरचा वाद कशावरून होता?

वैद्यकीय शिक्षणासाठी रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टर्सच्या मठात त्या राहत होत्या. या सिस्टर्स लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. तो पाहून रमाबाई हलल्या. अशा स्त्रियांना कोणी मायेने वागवते, हे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. यामागचे कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची गोष्ट दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, निदान सिस्टर्सची तशी अपेक्षा असावी. झाले उलटे. त्रैक्याचा सिद्धान्त जसाच्या तसा मान्य करायला रमाबाई तयार नव्हत्या. बायबल वाचून स्वतःला जे पटेल तेवढेच मानायचे, चर्चचा अधिकार आहे म्हणून नाही, ही त्यांची भूमिका होती. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी याच विषयांवर त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा प्रश्नही त्यांनी केला. त्या शाकाहारीच राहिल्या. एका सत्तेतून बाहेर पडलेल्या या बाई दुसऱ्या सत्तेखाली जायला राजी नव्हत्या. त्यांचा हा हट्ट अनेकांना अहंकार वाटला. पण पुढची त्यांची प्रार्थना याच हट्टातून आली, कारण उसने घेतलेले उत्तर त्यांना चालतच नव्हते.

बदल नेमका कधी झाला?

अमेरिकेचा दौरा करून, तिथे निधी उभा करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलले. या धावपळीतही त्यांना आतून रिकामे वाटत होते. सुमारे १८९१ मध्ये विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे प्रवचने देणाऱ्या हॅस्लम यांना आपल्यालाच अजून देव भेटलेला नाही, हे उशिरा कळले होते. रमाबाईंनी ते स्वतःला लावून पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे मांडले. तिथून रोजचे बायबलवाचन आणि प्रार्थना यांना त्यांच्या दिवसात पक्की जागा मिळाली.

उघड्या दाराची किंमत

शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे जाहीर वचन होते. मुलींना आपापले धर्माचार पाळायची मुभा होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेसोबत प्रार्थना करत, पण खोलीचे दार लावत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावलेही नव्हते आणि हाकललेही नाही.

पुण्यात गदारोळ झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. हितचिंतकांचेही म्हणणे होते की दार लावून घ्या, प्रश्न मिटेल. रमाबाईंनी ऐकले नाही. इतर मुलींना पूजा करायची मोकळीक असताना आपण लपून का प्रार्थना करावी, असा त्यांचा मुद्दा होता. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार समितीतून बाहेर पडली. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. तांत्रिकदृष्ट्या वचन मोडले नव्हते. मात्र आश्रयाला आलेल्या बालविधवेवर आश्रयदातीच्या प्रार्थनेचा परिणाम होणारच, हा आक्षेपही पोकळ नव्हता.

केडगावात दिवस कसा चालायचा?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. त्यामुळे या सगळ्यांची सोय पुण्याजवळच्या केडगावच्या शेतजमिनीवर झाली आणि ‘मुक्ती’ उभी राहिली. गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या ताटांचा हिशेब कसा बसवायचा? जॉर्ज म्युलर, चायना इनलँड मिशन आणि जॉन पेटन यांची पुस्तके वाचून रमाबाईंनी ठरवले की ठरावीक देणगीदाराच्या भरवशावर न राहता गरज देवापुढे मांडायची. याचा अर्थ हात जोडून बसणे नव्हे. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे दिवसभर चालत. ‘मुक्ती प्रेयर बेल’ या पत्रिकेतून देश-विदेशातील वाचकांना संस्थेची खबरही मिळत असे.

शारदा सदनापेक्षा हा वेगळा प्रकार होता. मुक्ती ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि प्रार्थना हा दिनक्रमाचाच भाग होता. दुष्काळातून आलेल्या मुलीला दार उघडे आहे की बंद, हे निवडायला कितपत वाव होता, हा प्रश्न विचारायलाच हवा.

जानेवारी १९०५ मध्ये वेल्समधील धर्मजागृतीच्या बातम्या येत असताना रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला स्वेच्छेने पुढे या, असे आवाहन केले. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० वर गेली. महिनाअखेर मुली रडत, पापांची कबुली देत, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही परदेशी मिशनऱ्यांना हा गोंगाट खटकला. भारतीय बायकांनी भारतीय रीतीने प्रार्थना केली तर बिघडले कुठे, अशी रमाबाईंची बाजू होती. त्यांच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी या घटनांवर लिहिलेले पुस्तक चिलीमध्ये पोहोचले आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्यातून चालना मिळाली. केडगावचे नाव दक्षिण अमेरिकेच्या चर्च-इतिहासात येते ते यामुळे.

शेवटची साधना : भाषांतर

एवढ्या गलबल्यात रमाबाई स्वतः मात्र शब्दकोश घेऊन बसलेल्या असत. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. प्रचलित मराठी भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृत पांडित्यासाठी ‘सरस्वती’ झालेल्या बाईंनी संस्कृत शब्द गाळत बसावे, हे विलक्षणच. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी केले.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनंतर संस्था तिनेच चालवायची होती. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये.