नगरपिता वल्लभभाई

सरदार वल्लभभाई पटेल यांचे नाव निघाले की बारडोलीचा लढा आणि संस्थानांचे विलीनीकरण या दोन गोष्टी आपल्या घरांतील शाळकरी मुलेही घडाघडा सांगतात. परंतु या थोर पुरुषाने सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले ते अहमदाबादच्या म्युनिसिपालिटीच्या दारातून, आणि त्या वेळी ते दोन मातृहीन मुलांचे पिते होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्त्या गृहस्थास नगरपालिकेसाठी उभे राहण्याची विनंती केली की मुलाबाळांकडे कोण पाहणार, हा प्रश्न तत्काळ पुढे येतो. प्रश्न खोटा नाही. म्हणूनच हे चरित्र त्या बाजूने सांगावेसे वाटले.

वल्लभभाईंचे मूळ गाव करमसद, घराणे शेतकऱ्याचे. जन्म आजोळी, नडियाद येथे झाला. ३१ ऑक्टोबर १८७५ ही जन्मतारीख मॅट्रिकच्या वेळी त्यांनी स्वतःच अंदाजाने लिहिली. (शाळेच्या दाखल्यांवर अशा अंदाजी तारखा मी इतक्या पाहिल्या आहेत की याचे मला नवल वाटत नाही.) मॅट्रिक झाले तेव्हा वय बावीस. पुढे उसन्या पुस्तकांवर अभ्यास करून ते वकिलीची परीक्षा उतरले व गोध्रा आणि बोरसद येथे त्यांनी नाव कमावले. १९०३ मध्ये कन्या मणिबेन व १९०५ मध्ये पुत्र डाह्याभाई यांचा जन्म झाला.

जानेवारी १९०९ मध्ये पत्नी झवेरबा मुंबईच्या इस्पितळात निवर्तल्या. निधनाची तार वल्लभभाईंच्या हाती कोर्टात, उलटतपासणी चालू असताना पडली. ती वाचून खिशात घालून त्यांनी काम पुरे केले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांच्या धैर्याची स्तुती आपण नेहमी करतो. पण त्याच दिवशी सहा वर्षेही पुरी न झालेली मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आईवाचून उघडे पडले, ही त्या प्रसंगाची दुसरी बाजू आहे. वल्लभभाई तेव्हा तेहतीस वर्षांचे होते. आप्तांचा आग्रह असूनही त्यांनी पुनर्विवाह केला नाही.

बॅरिस्टर होण्याची त्यांची आकांक्षा जुनी. पूर्वी स्वतःसाठी केलेली विलायतेच्या प्रवासाची तजवीज त्यांनी वडीलबंधू विठ्ठलभाईंना दिली होती. १९१० मध्ये ते स्वतः गेले आणि १९१३ मध्ये परतून अहमदाबादेस वकिली करू लागले. मुले मुंबईस विठ्ठलभाईंच्या आश्रयाने शिकत होती. मणिबेनचे आरंभीचे शिक्षण क्वीन मेरी हायस्कूलमध्ये झाले. इकडे पिता दिवसा कोर्टात आणि सायंकाळी गुजरात क्लबात ब्रिज खेळत असे. पैसा भरपूर मिळत होता, सुटाबुटाचा शौक होता. मुलांसाठी धन साठवावे व स्वस्थ राहावे, असा मार्ग त्यांच्यापुढे मोकळा होता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती.

त्या काळी शहराच्या कारभारावर शिलिडी नावाच्या गोऱ्या म्युनिसिपल कमिशनरचा वरचष्मा होता. त्याला तोंड देईल असा निर्भय माणूस सभागृहात हवा म्हणून मित्रांनी वल्लभभाईंना गळ घातली. जानेवारी १९१७ मध्ये दरियापूर वॉर्डातून ते उभे राहिले आणि अवघ्या एका मताने निवडून आले. शिक्षक या नात्याने मतमोजणीच्या टेबलाशी मी अनेकदा बसलो आहे. एका मताचा निकाल लागला म्हणजे दोन्ही पक्षांचे चेहरे पाहवत नाहीत. ती निवडणूक पुढे रद्द ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात ते बिनविरोध निवडून आले.

त्यांच्याकडे आरोग्य समितीचे अध्यक्षपद आले आणि त्याच वर्षी शहरात प्लेग शिरला. ज्यांना शक्य होते ते घरांना कुलुपे लावून बाहेर पडले. वल्लभभाई हलले नाहीत. गटारे साफ होतात की नाही, औषधफवारणी होते की नाही, हे ते पोळापोळांतून स्वतः हिंडून पाहत. आई गेलेल्या दोन मुलांच्या बापाने प्लेगच्या गल्लीत जावे काय? मला विचाराल तर याचे सोपे उत्तर माझ्याजवळ नाही. माझ्या स्वतःच्या मुलांची आठवण होऊन मी कदाचित गेलो नसतो.

पुढे शाळांवरील सरकारी नियंत्रण नाकारल्यामुळे १९२२ मध्ये सरकारने म्युनिसिपालिटी बरखास्त केली. १९२४ मध्ये वल्लभभाई तिचे अध्यक्ष झाले आणि १९२८ पर्यंत त्या पदावर राहिले. पाणी, गटारे, नगररचना असली रूक्ष वाटणारी कामे त्यांनी नेटाने चालविली. १९२७ च्या जुलैत अतिवृष्टीने गुजरात बुडाले तेव्हा संकटनिवारणाची धुरा त्यांनीच वाहिली. त्यांच्या सहकाऱ्यांत १९१९ पासून सभासद असलेले गणेश वासुदेव मावळंकर होते. आपल्या मराठी मुलखातून गुजरातेत स्थायिक झालेल्या घराण्यातील हे गृहस्थ पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले. लोकमान्यांचा पुतळा व्हिक्टोरिया बागेत उभा राहिला तोही वल्लभभाईंच्या पुढाकाराने. त्याचे अनावरण १९२९ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले.

मुलांचे काय झाले, ही उत्सुकता वाचकांस असेल. दोघेही कालांतराने अहमदाबादेस वडिलांजवळ आली. तोवर बॅरिस्टरीची मिळकत सुटली होती व घरात खादी आली होती. मणिबेन १९२५ मध्ये गुजरात विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या, अविवाहित राहिल्या, आणि १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईस वडिलांनी देह ठेवला तोपर्यंत त्यांची सेवा करीत राहिल्या. वडिलांची धोतरे त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची असत. बालपणी जो सहवास तिला लाभला नाही, तो त्या मुलीने असा मिळविला, असे मला वाटते. डाह्याभाई मुंबईत नोकरी-व्यवसायात रमले, पण तेही अखेर नगरकारभारात शिरले आणि १९५४ मध्ये मुंबईचे महापौर झाले. ते पाहावयास वडील मात्र राहिले नव्हते.