संत जॉन मेरी व्हियानी

संत जॉन मेरी व्हियानी (फ्रेंच उच्चार : ज्याँ-मारी व्यानी, जन्म : ८ मे १७८६, दार्दिली, फ्रान्स, मृत्यू : ४ ऑगस्ट १८५९, आर्स, फ्रान्स) हे एकोणिसाव्या शतकातील एक कॅथलिक धर्मगुरू होते. पूर्व फ्रान्समधील आर्स या लहानशा खेड्यात त्यांनी सलग ४१ वर्षे धर्मग्रामाचे (पॅरिशचे) प्रमुख धर्मगुरू म्हणून काम केले. ‘आर्सचे धर्मगुरू’ याच नावाने ते जगभर ओळखले जातात. त्यांनी कोणताही संघ स्थापन केला नाही, ग्रंथ लिहिला नाही किंवा मोठे पद भूषविले नाही. एका खेड्याची रविवारची उपासना आणि त्याभोवतीचे सामुदायिक जीवन पुन्हा उभे करणे, हे त्यांचे मुख्य कार्य होय. १९२५ साली कॅथलिक चर्चने त्यांना संतपद बहाल केले आणि १९२९ साली त्यांना जगातील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत घोषित केले.

बालपण आणि फ्रेंच राज्यक्रांती

व्हियानी यांचा जन्म ल्यों शहराजवळील दार्दिली या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव मॅथ्यू व आईचे मारी. सहा भावंडांत ते चौथे होते. घरची परिस्थिती खाऊनपिऊन सुखी अशी होती आणि दारी आलेल्या भिकाऱ्याला जेवू घालण्याची घरात रीत होती.

ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. १७९० साली झालेल्या कायद्याने धर्मगुरूंना राज्यसत्तेच्या अधीन केले आणि पुढे त्यांच्यावर निष्ठेची शपथ घेण्याची सक्ती झाली. ज्यांनी शपथ नाकारली त्यांना देशोधडीला लागावे लागले, कित्येकांना मृत्युदंड झाला. १७९३ साली लागू झालेल्या प्रजासत्ताक दिनदर्शिकेने तर सात दिवसांचा आठवडाच मोडीत काढला. त्याच्या जागी दहा दिवसांचा कालगट आला आणि दहावा दिवस विश्रांतीचा ठरला. रविवार अधिकृतपणे उरलाच नाही.

या काळात व्हियानी कुटुंब रात्रीच्या अंधारात दूरवरच्या कोठारांत व शेतघरांत होणाऱ्या गुप्त मिस्सेला जात असे. वेषांतर करून फिरणारे धर्मगुरू तेथे मिस्सा अर्पण करीत. १७९९ साली एकुली गावातील एका घरात व्हियानी यांचा पहिला कम्युनियन विधी झाला. आतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. १८०१ साली नेपोलियन व पोप यांच्यात करार झाला आणि पुढील वर्षी चर्चची दारे उघडली. मात्र मधल्या दहा-बारा वर्षांत एक पिढी धर्मशिक्षणावाचून वाढली होती आणि अनेक खेड्यांत रविवारच्या उपासनेची सवयच तुटली होती. व्हियानी यांचे पुढील कार्य समजून घेण्यासाठी ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे.

शिक्षण आणि गुरुदीक्षा

शेतीच्या कामामुळे व्हियानी यांना शालेय शिक्षण फारसे मिळाले नाही. सुमारे विसाव्या वर्षी ते एकुलीचे धर्मगुरू शार्ल बॅले यांच्याकडे शिकू लागले. धर्मगुरूपदासाठी लॅटिन भाषा अनिवार्य होती आणि तीच त्यांना काही केल्या येईना. १८०६ साली त्यांनी ला लुव्हेस्क येथील संत फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीपर्यंत भिक्षा मागत पायी यात्रा केली. विद्या यावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

१८०९ साली त्यांना नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. धर्मगुरूपदाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी सूट त्यांना मिळाली नाही, कारण त्यांचे नाव त्या यादीत नव्हते. आजारपणामुळे ते आपल्या तुकडीच्या मागे पडले आणि वाटेत भेटलेल्या एका अनोळखी माणसाबरोबर डोंगरातील ले नोए या गावी पोहोचले. कायद्याच्या दृष्टीने ते आता पळपुटे सैनिक होते. नाव बदलून त्यांनी तेथे वर्षभराहून अधिक काळ काढला आणि गावातील मुलांना शिकवले. १८१० साली सम्राटाने सार्वत्रिक माफी जाहीर केली, त्यांच्या धाकट्या भावाने त्यांच्याऐवजी सैन्यात जाण्याचे पत्करले आणि ते घरी परतले.

१८१३ साली त्यांनी ल्यों येथील गुरुविद्यालयात प्रवेश घेतला, पण लॅटिनमधून चालणारे अध्यापन त्यांना समजेना, म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. बॅले यांनी त्यांना पुन्हा घरी शिकवले व वरिष्ठांकडे रदबदली केली. विद्वत्तेपेक्षा त्यांची भक्ती ध्यानात घेऊन अखेर परवानगी मिळाली आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा देण्यात आली. त्यानंतर ते एकुलीतच बॅले यांचे साहाय्यक झाले. डिसेंबर १८१७ मध्ये बॅले यांचे निधन झाले.

आर्स येथे नियुक्ती

फेब्रुवारी १८१८ मध्ये व्हियानी यांची आर्स येथे नेमणूक झाली. ल्योंच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या या गावाची वस्ती तेव्हा जेमतेम २३० होती. गावाला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जाही नव्हता. तो १८२१ मध्ये मिळाला. पायी येताना धुक्यात वाट चुकलेल्या व्हियानी यांना अंत्वान जिव्र या गुराखी मुलाने गावाची वाट दाखवली, अशी हकिकत सांगितली जाते. त्या जागी आज दोघांचा पुतळा आहे.

आर्सचे लोक धर्माचे वैरी नव्हते, उदासीन होते. रविवारी शेतीची कामे बिनदिक्कत चालत, विशेषतः कापणीच्या दिवसांत. एवढ्याशा गावात चार गुत्ते होते आणि आठवड्याची मजुरी तेथे खर्ची पडे. नाचगाण्याच्या बैठकी रात्री उशिरापर्यंत रंगत. मिस्सेला थोड्या स्त्रिया येत, पुरुष क्वचितच. अनेक प्रौढांनाही धर्मशिक्षणाचे प्राथमिक धडे ठाऊक नव्हते.

रविवारची पुनर्स्थापना

व्हियानी यांनी प्रथम घरोघरी जाण्यास सुरुवात केली. जेवणाच्या वेळी शेतकरी घरी सापडतो, हे जाणून ते त्या वेळी जात आणि धर्माआधी पिकांविषयी, गुराढोरांविषयी व मुलाबाळांविषयी चौकशी करीत. उरलेला वेळ ते रिकाम्या चर्चमध्ये प्रार्थनेत घालवीत. पहाटेपासून तेथे दिसणारा दिवा हा गावकऱ्यांना झालेला त्यांचा पहिला परिचय होता.

रविवारचा कार्यक्रम त्यांनी हळूहळू दिवसभराचा केला. सकाळी मिस्सा व प्रवचन, दुपारी धर्मशिक्षण, त्यानंतर संध्याप्रार्थना आणि अंधार पडताना घंटा वाजली की जपमाळ व रात्रीची प्रार्थना, असा क्रम होता. आठवड्याच्या दिवशीही शेतावरून परतणारे लोक संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबू लागले. स्त्रियांसाठी जपमाळेचे आणि पुरुषांसाठी पवित्र साक्रामेंताचे भक्तमंडळ त्यांनी चालवले. साक्रामेंताच्या सणाची मिरवणूक हा गावाचा मोठा सोहळा बनला. गावच्या सरदार घराण्याच्या मदतीने त्यांनी चर्चला छत्रे, पताका व पूजावस्त्रे मिळवली. स्वतःसाठी जुना झगा पुरेसा मानणारे व्हियानी वेदीच्या बाबतीत मात्र खर्चाला मागेपुढे पाहत नसत.

प्रवचन देणे त्यांना फार जड जाई. शनिवारी रात्रीपर्यंत ते प्रवचन लिहून काढीत व पाठ करीत. तरीही कधीकधी मध्येच विसरत आणि वेदीकडे परतत. सुरुवातीची प्रवचने कठोर होती. रविवारचे काम, दारू व नाच हे त्यांचे मुख्य विषय होते. नाच सोडण्याची तयारी नसलेल्यांना ते पापक्षमा नाकारीत, त्यामुळे काहींना वर्षानुवर्षे कम्युनियनपासून दूर राहावे लागले. बापजाद्यांपासून चालत आलेली करमणूक हिरावून घेतली गेल्याचा राग तरुणांत होता. व्हियानींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारी निनावी पत्रे फिरली. आजूबाजूच्या काही धर्मगुरूंनीही त्यांच्या अज्ञानाविषयी वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. बिशप देव्ही यांनी मात्र चौकशीनंतर त्यांना पाठिंबा दिला.

बदल घडायला सुमारे दहा वर्षे लागली. गिऱ्हाईक आटल्यामुळे चर्चजवळचे दोन गुत्ते आधी बंद पडले, मागाहून उरलेले दोन. रविवारी शेतात गाडी दिसेनाशी झाली. पुढील काळात व्हियानी यांचा स्वरही निवळला. शिक्षेच्या भयापेक्षा देवाच्या प्रेमाविषयी ते अधिक बोलू लागले आणि पापनिवेदन ऐकतानाही अधिक सौम्य झाले.

प्रॉव्हिडन्स शाळा

१८२४ साली व्हियानी यांनी मुलींसाठी ‘प्रॉव्हिडन्स’ ही मोफत शाळा सुरू केली. कॅथरीन लासान्य व बेन्वात लार्दे या गावातीलच दोन तरुणी ती चालवीत. लवकरच तेथे अनाथ व निराधार मुलींची सोय करण्यात आली आणि त्यांची संख्या साठपर्यंत गेली. वाचन-लेखनाबरोबर शिवणकाम, विणकाम व घरकाम शिकवले जाई. धान्य संपत आले असताना रिकामे कोठार भरलेले आढळले, ही येथील आख्यायिका भाविकांत प्रसिद्ध आहे. व्हियानी रोज येथे जे धर्मशिक्षण देत, ते ऐकायला गावकरी व नंतर यात्रेकरू येऊ लागले. गर्दी वाढल्यावर हा वर्ग चर्चमध्ये भरू लागला. १८४७ साली ही संस्था धर्मभगिनींच्या संघाकडे सोपवण्यात आली. आपल्या हातांनी उभे केलेले काम सोडताना त्यांना मोठे दुःख झाले.

पापनिवेदन आणि यात्रेकरू

१८२७ च्या सुमारास बाहेरगावचे लोक व्हियानी यांच्याकडे पापनिवेदनासाठी (कुमसारासाठी) येऊ लागले. समोरच्याच्या मनातले ओळखून मोजक्या शब्दांत सल्ला देण्याची त्यांची हातोटी कर्णोपकर्णी पसरली. पुढील तीस वर्षांत हा ओघ वाढतच गेला. ल्योंहून आर्सला नियमित घोडागाड्या सुरू झाल्या. लोकांना आपली पाळी येण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागे. शेवटच्या वर्षी आलेल्यांची संख्या ८० हजार ते एक लाख असावी, असा अंदाज आहे.

मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ते चर्चमध्ये येत. हिवाळ्यात अकरा-बारा तास आणि उन्हाळ्यात सोळा तासांपर्यंत ते पापनिवेदन ऐकत. अन्न म्हणून बहुधा उकडलेले बटाटे. ते एकदम शिजवून ठेवीत व थंडच खात. रोगी बरे झाल्याच्या वार्ता पसरत तेव्हा ते त्याचे श्रेय संत फिलोमिना यांना देत. रात्री सैतान आपल्याला त्रास देतो, अशी त्यांची श्रद्धा होती.

आर्स सोडण्याचे प्रयत्न

ज्या गावासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ते गाव आता यात्रास्थळ झाले होते. एकेकाळी घरोघरी जाणाऱ्या धर्मगुरूला आपल्याच माणसांसाठी वेळ उरला नव्हता. आपण या पदाला अपात्र आहोत, ही सुरुवातीपासूनची खंत त्यांना कधीही सोडून गेली नाही. मठात जाऊन एकांतात प्रायश्चित्त करावे, ही त्यांची तीव्र इच्छा होती. बिशपांनी ती मान्य केली नाही.

१८४० साली ते एका रात्री गावाबाहेर पडले, पण अर्ध्या वाटेतून परतले. १८४३ साली गंभीर आजारातून उठल्यावर ते दार्दिलीला भावाकडे गेले. यात्रेकरू तेथेही पोहोचले आणि काही दिवसांत ते पुन्हा आर्सला आले. सप्टेंबर १८५३ मधील तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी बातमी आधीच फुटली. रात्री घंटा वाजली, कंदील घेऊन लोक धावले आणि त्यांनी वाट अडवली. त्यांचे साहाय्यक तोकानिए यांनी प्रार्थनापोथी काढून घेऊन त्यांना थोपवून धरले. लोकांना त्यांचा लळा होता, तसेच गावाची मिळकतही यात्रेकरूंवर अवलंबून होती. काही वेळाने व्हियानी मुकाट्याने चर्चमध्ये गेले आणि पापनिवेदन ऐकू लागले. त्यानंतर त्यांनी गाव सोडण्याचा प्रयत्न केला नाही.

मानसन्मान त्यांना नकोसे वाटत. १८५२ साली बिशपांनी मानाचा खांद्यावरचा झगा दिला, तो त्यांनी विकून पैसे धर्मकार्याला लावले. १८५५ साली फ्रेंच सरकारने ‘लेजियाँ द’ऑनर’ हा सन्मान दिला. ते पदक त्यांनी कधीच धारण केले नाही.

मृत्यू

१८५९ चा जुलै महिना अतिशय उष्ण होता. २९ जुलै रोजी दिवसभर पापनिवेदन ऐकून झाल्यावर व्हियानी यांची शक्ती संपली आणि ते अंथरुणाला खिळले. त्यांच्या खोलीत गारवा राहावा म्हणून गावकऱ्यांनी घराच्या छपरावर कापड पसरले आणि ते वरचेवर पाण्याने भिजवत राहिले. ४ ऑगस्ट १८५९ रोजी पहाटे दोन वाजता, वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा आणि मूल्यमापन

पोप दहावे पायस यांनी ८ जानेवारी १९०५ रोजी व्हियानी यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप अकरावे पायस यांनी ३१ मे १९२५ रोजी संतपद दिले. त्यांच्या मृत्यूच्या शताब्दीनिमित्त १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी धर्मगुरूंच्या जीवनावर विश्वपत्र प्रसिद्ध केले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८६ साली आर्सला भेट दिली. निधनाच्या १५० व्या वर्षी, २००९-१० मध्ये, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ‘धर्मगुरू वर्ष’ पाळले. आर्समधील जुन्या चर्चला जोडून उभारलेल्या बॅसिलिकेत त्यांचा देह काचेच्या पेटीत ठेवला आहे. स्थानिक धर्मप्रांताच्या नावातही १९८८ पासून आर्सचा समावेश आहे. ४ ऑगस्ट हा त्यांचा सण असून भारतातील अनेक धर्मग्रामांत त्या सुमारास भाविक आपल्या धर्मगुरूंना शुभेच्छा देतात.

नाचगाण्याला त्यांनी केलेला सरसकट विरोध आणि पापक्षमा नाकारण्याची सुरुवातीची पद्धत आजच्या वाचकाला जाचक वाटते. तिचे मूळ बॅले यांच्याकडून मिळालेल्या कडक नीतिशिक्षणात होते. त्याच वेळी, राज्यसत्तेने दिनदर्शिकेतून पुसलेला रविवार कायद्याने परत आला तरी लोकांच्या जगण्यात तो आपोआप परतला नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते. आर्समध्ये तो परत आला तो घंटा, प्रवचन, शाळा, मिरवणूक आणि घरोघरच्या भेटींतून, दहा वर्षांच्या चिकाटीने. लॅटिनमध्ये मागे पडलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने हे काम केले, म्हणूनच विद्वान धर्मपंडितांऐवजी व्हियानी हे धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आदर्श मानले गेले.