डॉ. मारिया मॉन्टेसरी: ‘शिकणार नाहीत’ असे ठरवलेल्या मुलांची डॉक्टर

तुमचे मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. किंवा दीड वर्ष उलटले तरी चालत नाही. घरातले म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलले होते, होईल सगळे. मग कधीतरी तपासणी होते आणि कागदावर एक मोठा शब्द येतो: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता. असा कागद घेऊन वराळ्यातल्या माझ्या दवाखान्यात येणारे आईवडील बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: डॉक्टर, आता हा काही शिकेल का?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या एका डॉक्टरचे नाव तुम्हाला नक्की माहीत आहे. बालवाड्यांच्या पाट्यांवर ते तुम्ही वाचले आहे: मॉन्टेसरी. मात्र या पद्धतीची सुरुवात कोणत्या मुलांपासून झाली, हे फार थोड्यांना माहीत असते.

डॉक्टर होण्यासाठी धडपड

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतल्या किआराव्हाले या गावी झाला. त्या काळी मुलीने डॉक्टर व्हायचे, ही कल्पनाच लोकांना पटत नव्हती. पुरुष विद्यार्थ्यांबरोबर शवविच्छेदन करणे स्त्रीला शोभत नाही, असे मानले जाई. त्यामुळे वर्ग संपल्यावर त्यांना ते एकटीने करावे लागे. १८९६ मध्ये त्या रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक होत्या.

पुढे विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्या वेड्यांच्या इस्पितळांत जात. तिथे मोठ्या रुग्णांबरोबर लहान मुलेही कोंडलेली असत. ज्यांना आज आपण बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली मुले म्हणू, अशी मुलेही त्यांत होती. एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत नेहमी सांगितला जातो. जेवण झाले की ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण शोधत बसत. सांभाळणाऱ्या बाईला त्याची किळस वाटे. डॉ. मॉन्टेसरींनी खोलीभर नजर फिरवली. तिथे हातात घेण्यासारखी दुसरी एकही वस्तू नव्हती. मुलांना भूक होती ती हाताने काहीतरी करून पाहण्याची.

औषधाच्या बाटलीपलीकडे

या मुलांवर औषधोपचारापेक्षा शिकवण्याचा उपयोग जास्त होईल, असे त्यांचे मत झाले. त्यांनी जुनी पुस्तके धुंडाळली. फ्रान्समध्ये इतार या डॉक्टरांनी जंगलात सापडलेल्या एका न बोलणाऱ्या मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य सेगाँ यांनी अशा मुलांसाठी खास साधने बनवली होती. या दोघांचे लेखन डॉ. मॉन्टेसरींनी स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. डॉ. मोंतेसानो यांच्याबरोबर त्या तिच्या प्रमुख झाल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या स्वतः मुलांना शिकवत आणि रात्री दिवसभराच्या नोंदी काढत.

त्यांनी लिहून ठेवलेले एक उदाहरण पाहा. एका मुलीला शिवणकाम काही केल्या जमत नव्हते. डॉ. मॉन्टेसरींनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली: एक पट्टी वरून, एक खालून. हातांना ती हालचाल जमल्यावर पुन्हा सुई दिली आणि मुलीला रफू करता येऊ लागले. आज ऑक्युपेशनल थेरपिस्ट तुमच्या मुलाकडून मणी ओववून घेतात, चिमटे लावून घेतात, त्यामागे हाच विचार असतो. मोठे काम जमत नसेल तर त्यातली लहान हालचाल आधी शिकवायची.

या संस्थेतली काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि नेहमीच्या शाळेतल्या मुलांची परीक्षाही पास झाली. लोकांनी चमत्कार म्हणून कौतुक केले. डॉ. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला: मग नेहमीच्या शाळांतली सुदृढ मुले इतकी मागे का? त्यातून १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. पुढे ही पद्धत जगभर गेली.

त्यांच्या आयुष्यात एक दुःखही होते. १८९८ मध्ये त्यांना मारिओ हा मुलगा झाला. लग्न झालेले नसल्याने त्याला दूर खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढवावे लागले. इतरांच्या मुलांसाठी झटणाऱ्या या आईला स्वतःच्या मुलाचे बालपण मिळाले नाही.

भारतात आणि महाराष्ट्रात

हाच मारिओ मोठेपणी त्यांचा सहकारी झाला. १९३९ मध्ये दोघे शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी मद्रासला आले. युद्ध सुरू होते. १९४० मध्ये इटली त्यात उतरल्यावर इंग्रज सरकारने मारिओ यांना अहमदनगरच्या छावणीत ठेवले. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांची सुटका झाली. डॉ. मॉन्टेसरी १९४६ पर्यंत भारतात होत्या आणि पुढेही इथे आल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी हे विचार आपल्या मातीत रुजवले. महागड्या साधनांऐवजी बिया, शंख, पाने अशा वस्तू वापरून त्यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या मुलांच्या अंगणात शाळा नेली. अंगणवाडीची कल्पना याच कामातून पुढे आली.

तुम्ही काय कराल?

डॉ. मॉन्टेसरींनी कुणाला जादूने बरे केले नाही. सगळी मुले परीक्षा पास झाली, असेही नाही. पण निदान झाले म्हणजे शिकणे संपले, हा समज त्यांनी मोडला. म्हणून मुलाकडे बारकाईने पाहा. पुढीलपैकी काही दिसले तर वाट पाहू नका:

- तीन महिन्यांपर्यंत तुमच्याकडे पाहून हसत नाही
- नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नाही
- एक वर्षानंतरही नावाने हाक मारल्यावर वळत नाही
- दीड वर्षापर्यंत चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही
- येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात विसरू लागले

आधी कान, डोळे आणि गरजेप्रमाणे थायरॉईड तपासून घ्या. ऐकू न येणारे मूल कधी कधी ‘मंद’ ठरवले जाते. थायरॉईड कमी असेल किंवा फिट्स येत असतील तर त्यावर औषध आहे. बुद्धी वाढवणारे टॉनिक मात्र नाही, त्यावर पैसे घालवू नका. अंगणवाडीताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे मुलांना तपासते आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तिथे वाचा-उपचार, फिजिओथेरपी आणि पुढचे मार्गदर्शन मिळते.

आणि तुमच्या त्या प्रश्नाचे उत्तर: हो, शिकेल. किती आणि किती वेगाने, हे आज कुणीच सांगू शकत नाही. पण सुरुवात लवकर झाली, तर त्याला अधिक संधी मिळते. आज घरी गेल्यावर त्याच्या हातात मोबाइलऐवजी एक वाटी आणि मूठभर मोठे राजमे द्या, शेजारी बसा, तोंडात घालणार नाही याकडे लक्ष ठेवा आणि तो काय करतो ते पाहा. पुढच्या भेटीत मला तेच सांगा.