महादेव गोविंद रानडे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८ जानेवारी १८४२, निफाड – १६ जानेवारी १९०१, मुंबई) हे न्यायाधीश, अर्थशास्त्रज्ञ, इतिहासकार व समाजसुधारक होते. धुळे येथील न्यायाधीशपदामुळे त्यांचा खानदेशाशी संबंध आला. आयुष्याच्या अखेरीस त्यांना हृदयविकार जडला आणि वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.

शिक्षण व न्यायसेवा

रानडे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्या प्रवेश परीक्षेत ते उत्तीर्ण झाले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ अध्यापन केल्यानंतर १८७१ मध्ये ते पुणे येथे न्यायाधीश झाले. पुणे सार्वजनिक सभेच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता.

धुळे येथील वास्तव्य

१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे सरकार सावध झाले होते. पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील रानडे यांच्या प्रभावामुळे त्यांच्याविषयीही संशय निर्माण झाला. त्यांची नाशिकहून धुळे येथे बदली झाली व तेथे त्यांच्या टपालावर पाळत ठेवण्यात आली. धुळे हे तेव्हा अविभक्त खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. पुढे संशय दूर झाला आणि १८८१ मध्ये त्यांची मुंबईस नेमणूक झाली. काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

आजार व निधन

दृष्टी अधू असल्यामुळे रानडे यांना वाचन-लेखनासाठी इतरांचे साहाय्य घ्यावे लागे, तरी त्यांचा व्यासंग थांबला नाही. मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास त्यांना छातीत असह्य कळा येऊ लागल्या. डिसेंबर १९०० मध्ये लाहोर येथे भरणाऱ्या सामाजिक परिषदेस जाण्याचा बेत त्यांना प्रकृतीमुळे सोडावा लागला. १६ जानेवारी १९०१ रोजी रात्री त्यांचे निधन झाले. पत्नी रमाबाई रानडे यांनी आपल्या १९१० मधील आठवणींत त्यांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन केले आहे.

वैद्यकीय संदर्भ

हृदयाच्या स्नायूस रक्त अपुरे पडल्यामुळे छातीत येणाऱ्या कळांना हृदयशूळ म्हणतात. त्या काळी अमिल नायट्राइट (१८६७ पासून) व नायट्रोग्लिसरीन (१८७९ पासून) या औषधांनी वेदना तात्पुरती शमवता येई. मूळ दोष दूर करण्याचा उपाय उपलब्ध नव्हता. निदान मुख्यतः रुग्णाने सांगितलेली लक्षणे, नाडी व स्टेथोस्कोप यांवर अवलंबून असे. रानडे यांच्या निधनाच्याच वर्षी नेदरलँड्समधील विलेम आइंटहोवेन यांनी तारेचा गॅल्व्हॅनोमीटर प्रसिद्ध केला. त्यातून ई.सी.जी. तपासणी विकसित झाली आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचे प्रकार ओळखणे शक्य झाले.

अनियमित ठोके व हृदयशूळ हे भिन्न विकार आहेत. पहिल्यात हृदयातील विद्युत संवेदनांचा क्रम बिघडतो, दुसऱ्यात रक्तपुरवठा अपुरा पडतो. मात्र रक्तपुरवठा घटल्याने ठोकेही अनियमित होऊ शकतात. क्वचित एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणे बहुधा निरुपद्रवी असते. वारंवार धडधड होत असल्यास तपासणी आवश्यक ठरते. धडधडीसोबत छातीत दुखणे, धाप लागणे किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे असल्यास, तसेच छातीतील कळ विश्रांतीनेही न थांबल्यास, रुग्णास विनाविलंब रुग्णालयात नेणे आवश्यक असते.