पळसगावचा गडी, इटलीच्या डोंगरात : व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंतराव घाडगे

माणगाव : सातबारा, फेरफार, दाखले अशा कामांसाठी माणगावच्या तहसील कार्यालयात तालुक्यातला प्रत्येक जण कधी ना कधी येतोच. तिथे समोर एका सैनिकाचा पुतळा आहे. पुतळा घाडगेंचा, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ते कुठे लढले, कसे गेले, हे विचारलं तर तरुण पोरं एकमेकांकडे बघतात. म्हणून ही हकिकत पुन्हा एकदा सांगायची.

यशवंतराव घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आलं. त्या काळी कोकणातल्या गावात भाताचं एक पीक निघालं की पुढे हाताला काम नसायचं. मग तरुण गड्यांपुढे दोनच वाटा. एक मुंबईची गिरणी, दुसरी पलटण. यशवंतराव पलटणीत गेले. पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईक झाले. नाईक म्हणजे एका सेक्शनचा, साधारण दहा जवानांचा प्रमुख. विशीतल्या पोराच्या भरवशावर दहा घरांचे कर्ते गडी, असा त्याचा सरळ अर्थ.

दुसरं महायुद्ध चालू होतं. ४ जून १९४४ ला रोम शहर दोस्तांच्या हाती आलं. जर्मन सैन्य उत्तरेकडे मागे सरकत होतं, पण सहजासहजी नाही. प्रत्येक टेकडीवर मशिनगन लावायची, समोरच्याला अडवायचं, माणसं मारायची आणि मग पुढच्या टेकडीवर जायचं, अशी त्यांची लढाई. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात हे डोंगर ओलांडायचं काम ज्या फौजांकडे होतं, त्यात दहावी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात आपले मराठे.

१० जुलै १९४४. आपल्याकडे हे लावणीचे दिवस. गुडघाभर चिखल, डोक्यावर इरलं, सगळं घर शेतात. तिकडे इटलीत जुलै म्हणजे कडक उन्हाळा. मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. यशवंतरावांचं सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशिनगनचा मारा सुरू झाला. थोड्या वेळात सेक्शनमधले सगळे जवान पडले. कोणी जागीच ठार, कोणी जखमी. उभे राहिले एकटे यशवंतराव.

इथे जरा थांबून विचार करावा. मागून यायला कोणी उरलेलं नाही, हे त्यांना दिसत होतं. आडोसा धरून पडून राहिले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण ती मशिनगन चालू राहिली असती, तर मागून येणारी कंपनीही तिच्याच तोंडी गेली असती. यशवंतराव सरळ त्या मशिनगनवर धावून गेले.

आधी हातबॉम्ब टाकला. मशिनगन बंद पडली, चालवणाराही गेला. तिथल्या आणखी एकाला त्यांनी आपल्या टॉमीगनने टिपलं. तेवढ्यात गोळ्या संपल्या. नवीन मॅगझिन लावायला सवड नव्हती. मग बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी चालवून उरलेल्या दोघांना लोळवलं. ठाणं हाती आलं. पण लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांच्या छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय २२.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी लंडनच्या राजपत्रात त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. आणखी चौदा दिवसांनी त्यांना तेविसावं वर्ष संपलं असतं. हा पदक-मान भारतीय शिपायांना १९११ पर्यंत मिळतच नव्हता. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाईट इन्फंट्रीला असे दोन क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. दुसरे मानकरी नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. ते लढाईतून जिवंत परतले. यशवंतराव परतले नाहीत.

काही जण म्हणतात, ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं कौतुक कशाला? १९४२ ला देशात चले जावचं आंदोलन पेटलं होतं, हे खरंच आहे. राज्य इंग्रजांचं होतं आणि भारताला युद्धात ओढताना इथल्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण समोर जे होतं ते हिटलरचं सैन्य होतं. आणि त्या दिवशी जमिनीवर पडलेले जवान आपल्याच मुलखातले होते. त्यांच्यासाठी जो पुढे धावला, त्याला परका कसा म्हणायचा?

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांवर भारतीय सैनिक होते. त्यातले ५,७८२ कामी आले. यशवंतरावांची वेगळी समाधी तिथे नाही. ज्यांची कबर माहीत नाही अशांसाठी कॅसिनो इथे स्मारक आहे, त्यावर त्यांचं नाव कोरलेलं आहे. इटलीतल्या मोंतोने या डोंगरावरच्या छोट्या गावाने मात्र २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याचा भाव आहे.

जवळपास ऐंशी वर्षांनी परक्या देशातलं एक गाव आपल्या पळसगावच्या पोराची आठवण ठेवतं. आपल्याला तर त्यासाठी कुठे लांब जायचं नाही. पुढच्या वेळी तहसीलला गेलात की पुतळ्यापाशी दोन मिनिटं थांबा. बरोबर घरातलं पोर असेल तर त्याला ही हकिकत सांगा.