दुसऱ्या घोड्याच्या सरावासाठी आणलेला हाडकुळा घोडा थेट केंटकी डर्बी मारून गेला

किस्सा आहे १९१८ सालचा, अमेरिकेतला.

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनमध्ये विलिस शार्प किल्मर नावाचा बडा आसामी राहायचा. त्याच्या घराण्याचा पैसा आला होता ‘स्वॅम्प रूट’ नावाच्या औषधातून. किडनीच्या तक्रारींवर रामबाण म्हणून ते सगळीकडे खपायचं. खरंच गुण यायचा का, हा वेगळा विषय. पण त्याच पैशातून किल्मरने रेसचे घोडे घेतले आणि त्यातला एक होता सन ब्रायर. १९१७ साली दोन वर्षांच्या घोड्यांमध्ये सगळ्यात भारी.

आता किल्मरला हवी होती केंटकी डर्बी. ही शर्यत फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी असते. म्हणजे घोड्याला आयुष्यात एकच चान्स.

सन ब्रायरसोबत सरावाला पळायला कुणीतरी पाहिजे म्हणून ट्रेनर हेन्री मॅकडॅनियलने एक घोडा शोधला. ९ हजार डॉलर आणि वर दोन मादी शिंगरं, असा सौदा ठरला. घोड्याचं नाव एक्स्टर्मिनेटर. उंच, लांब पायांचा, बरगड्या मोजता येतील असा. किल्मरने त्याला पाहिलं आणि त्याचं डोकंच फिरलं. एवढे पैसे असल्या घोड्याला घातले, हे त्याला पटेना.

पण सरावात हा घोडा सन ब्रायरला सोडत नव्हता. डर्बी जवळ आली तशी सन ब्रायरच्या पायाची कुरकुर सुरू झाली आणि त्याचं पळणं रद्द झालं. चर्चिल डाउन्सचा कारभार बघणाऱ्या मॅट विनने सराव पाहिला होता. त्याने किल्मरला गळ घातली की, या दुसऱ्याला तरी उतरव. किल्मर नाखुशीनेच तयार झाला.

११ मे १९१८. पावसाने ट्रॅकचा चिखल झालेला. आठ घोडे. एक्स्टर्मिनेटरवर भाव होता जवळपास एकास तीस, म्हणजे त्याला कुणी खिजगणतीतच धरलं नव्हतं. त्या वर्षातली ही त्याची पहिलीच शर्यत होती. जॉकी विली नॅपने त्याला आधी मागे ठेवलं, मग वाट काढली आणि एस्कोबाला एका लांबीने मागे टाकलं. ज्याने २ डॉलर लावले होते, त्याला ६१ डॉलर २० सेंट मिळाले. (हाच नॅप पुढच्या वर्षी ‘अपसेट’ नावाच्या घोड्यावर बसला आणि त्याने मॅन ओ’ वॉरला आयुष्यातली एकमेव हार दाखवली. माणसाला सवयच होती म्हणा.)

नशिबाने जिंकला म्हणावं, तर खरी गंमत पुढे आहे.

रेसच्या घोड्याची कमाई दोन ठिकाणी असते. आधी मैदानावर, मग पैदाशीत. म्हणून चांगले घोडे तीन-चार वर्षांचे झाले की निवृत्त होतात. सन ब्रायरही पैदाशीकडे गेला. एक्स्टर्मिनेटर मात्र खच्ची केलेला होता. त्याची किंमत पळण्यातच. त्यामुळे त्याला पळवत ठेवलं. ट्रेनर बदलत राहिले, गावं बदलत राहिली, कॅनडा झालं, मेक्सिको झालं. साराटोगा कप त्याने १९१९ ते १९२२ अशी सलग चार वर्षं जिंकला. लोक त्याला प्रेमाने ‘ओल्ड बोन्स’ म्हणायला लागले.

हँडिकॅप शर्यतीत भारी घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवतात, म्हणजे सगळ्यांना संधी राहते. १९२२ च्या ब्रुकलिन हँडिकॅपमध्ये सात वर्षांच्या एक्स्टर्मिनेटरवर १३५ पाउंड, म्हणजे साधारण ६१ किलो होते. समोरचा ग्रे लॅग त्याच्याहून तीन वर्षांनी लहान आणि त्याच्यावर ९ पाउंड कमी. तरी म्हाताऱ्याने शर्यत मारलीच. मॅन ओ’ वॉरशी त्याची गाठ मात्र कधीच पडली नाही.

१९२४ साली, नवव्या वर्षी, माँट्रियलजवळ तो लंगडत तिसरा आला. तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. शंभराच्या आसपास शर्यती, त्यातल्या ५० जिंकलेल्या, कमाई २ लाख ५२ हजार ९९६ डॉलर. मॅन ओ’ वॉरच्या कमाईपेक्षा थोडी जास्तच.

पुढची वर्षं बिंगहॅमटनला आरामात गेली. एकटा राहिला तर तो कावराबावरा व्हायचा, म्हणून सोबतीला एक छोटं शेटलँड तट्टू दिलं. नाव पीनट्स. ते मेलं की दुसरं आणायचे, नाव तेच ठेवायचे. सरावाचा सोबती म्हणून आलेल्या घोड्याला आता स्वतःचा सोबती होता. त्याच्या वाढदिवसाला गावातली पोरं जमायची.

किल्मर १९४० साली गेला. एक्स्टर्मिनेटर त्यानंतरही पाच वर्षं जगला. सप्टेंबर १९४५ मध्ये, तिशी गाठून तो गेला. त्याला बिंगहॅमटनमध्येच पुरलं, सन ब्रायरच्या शेजारी.