विल्यम लिअर आणि मोटारीतले गाणे

लिअरजेट हे नाव विमानांविषयी थोडेफार वाचणाऱ्याने ऐकलेले असतेच. धनिकांचे छोटे, वेगवान जेट विमान अशी त्याची ख्याती. परंतु ज्याच्या नावावरून ते ओळखले जाते त्या विल्यम पॉवेल लिअरने मोटारीत गाणे आणण्यासाठीही पुष्कळ खटपट केली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. मोटारीत रेडिओ बसवणाऱ्या आरंभीच्या मंडळींत तो होता, आणि पस्तीस वर्षांनी मोटारीत टेप बसवण्याच्या कामातही तोच पुढे होता. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. यंत्रांतले बारकावे सांगताना काही चुकले तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

लिअरचा जन्म २६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात हॅनिबल गावी झाला. मिसिसिपी नदीकाठच्या याच गावी मार्क ट्वेनचे बालपण गेले. आईवडिलांचे पटले नाही, ते विभक्त झाले, आणि मुलगा शिकागोत आई व सावत्र वडील यांच्याजवळ वाढला. हायस्कूलची पायरी त्याने चढली न चढली तोच सोडून दिली. पुढे काही काळ तो नौदलात गेला. तेथे त्याला रेडिओचे धडे मिळाले आणि तो त्या नव्या विद्येच्या नादी लागला तो लागलाच. १९२२ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील क्विन्सी गावी तो रेडिओ जुळवण्याच्या धंद्यात होता. तेव्हा त्याचे वय अवघे वीस होते. आमच्या वर्गातील बहुतेकांचे आज तेवढेच आहे!

त्या वेळच्या रेडिओतील कॉइल चांगल्याच बोजड असत. शिकागोला आल्यावर लिअरने एका जाड तारेऐवजी केसासारख्या अनेक बारीक तारांची वेणी घालून कॉइल गुंडाळण्यास सुरुवात केली. रेडिओच्या लहरींचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. एका जाड तारेपेक्षा अनेक बारीक तारांचा मिळून पृष्ठभाग अधिक, म्हणून कॉइल लहान होऊनही काम चांगले देई. अशी वेणीची तार ही त्याची कल्पना नव्हे, ती आधीपासून होती. लिअरने मित्राकडून कर्ज काढून ती झपाट्याने तयार करणारी यंत्रे बनवली आणि माल रेडिओ कंपन्यांच्या दारात नेऊन विकला. झेनिथ कंपनीने त्याच्याकडे पन्नास हजार कॉइल मागवल्या. दुसऱ्याची कल्पना उचलायची, ती कारखान्यात आणि बाजारात चालेल अशी करायची, ही त्याची रीत येथेच दिसते.

शिकागोतच पॉल गॅल्व्हिन नावाचे कारखानदार होते. घरातील विजेवर जुने बॅटरीचे रेडिओ चालावेत यासाठी लागणारे एक उपकरण ते बनवीत. पुढे थेट विजेवर चालणारे रेडिओच आले आणि या मालाला गिऱ्हाईक उरेना. त्यातच १९२९ ची मंदी कोसळली. कारखाना वाचवायचा तर नवा माल हवा होता, आणि तो मोटारीचा रेडिओ ठरला. लिअर त्यांच्याच जागेत कॉइल बनवीत असे. तो आणि क्विन्सीचा त्याचा मित्र एल्मर वेव्हरिंग हे दोघे या कामाला लागले.

काम सोपे नव्हते. इंजिनात ठिणगी पडली की रेडिओत कडकड आवाज होई. दिव्यांची शक्ती भागवायला मोटारीची बॅटरी पुरत नसे, म्हणून वेगळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळाशी बसवाव्या लागत. एरिअल कोठे लपवायची, खड्ड्यांचे हादरे कसे सोसायचे, एकेका गाठीवर दिवस जात. अखेर १९३० च्या जूनमध्ये गॅल्व्हिन आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवून शिकागोहून अटलांटिक सिटीच्या रेडिओ व्यावसायिकांच्या मेळाव्याला गेले. आत गाळा घेण्यास पैसे नव्हते म्हणून त्यांनी गाडी बाहेरच उभी केली आणि आवाज मोठा केला, असे सांगतात. मोटार आणि ग्रामोफोनच्या नावांना लागणारा ‘ओला’ हा शेपटीचा शब्द जोडून मोटोरोला हे नाव तयार झाले, आणि पुढे १९४७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले. आरंभी या रेडिओची किंमत सव्वाशे डॉलरच्या आसपास होती, म्हणजे नव्या फोर्ड मोटारीच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी. मोटारीतला पहिला रेडिओ लिअरने केला असे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, ते बरोबर नाही. १९२२ पासून तसे प्रयत्न इतरांनीही केले होते. या मंडळींनी तो विकता येण्याजोगा केला, हे म्हणणे खरे.

इतके झाल्यावर दुसरा एखादा तेथेच गादी टाकून बसला असता. लिअरने तसे केले नाही. १९३१ मध्ये त्याने एक छोटे विमान घेतले, आणि तेव्हापासून त्याचे मन विमानांत गुंतले ते तीस वर्षे. विमानाला दिशा दाखवणारे रेडिओ, मग आपोआप चालवणारी यंत्रणा असे एकेक करीत तो मोठा कारखानदार झाला. १९४९ सालचे कॉलियर पारितोषिक त्याला स्वयंचलित वैमानिक यंत्रणेसाठी मिळाले. स्वभाव उतावळा, हिशेबाचा कंटाळा, आणि विनोदबुद्धी अशी की आपल्या एका मुलीचे नाव त्याने शँडा ठेवले. आडनावासह भरभर म्हटले की इंग्रजीत झुंबर ऐकू येते. बिचाऱ्या मुलीला शाळेत काय काय ऐकावे लागले असेल! १९६२ मध्ये आपल्या जुन्या कंपनीतील हिस्सा विकून तो कॅन्सस राज्यातील विचिटा येथे आला. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी पहिले लिअरजेट आकाशात गेले.

या तीस वर्षांत मोटारीत रेडिओ सर्रास झाला होता. पण रेडिओवर केंद्र जे लावील ते ऐकायचे. आपल्या आवडीचे गाणे लावता येत नसे. १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क ग्रामोफोन बसवून पाहिला. पीटर गोल्डमार्क या नामांकित तंत्रज्ञाची ती करामत. सात इंची तबकडी, मिनिटाला सुमारे सोळा फेरे, एका बाजूला पाऊण तासापर्यंत ध्वनिमुद्रण. परंतु तबकड्या एकाच कंपनीच्या, त्यातही मोजक्या, आणि सुई हादऱ्याला कधी दाद देई, कधी देत नसे. दोनतीन वर्षांत ते प्रकरण आटोपले.

तबकडीऐवजी टेप घेणे हा उपाय होता. पण मोठ्या चकत्यांची टेप धावत्या गाडीत एका हाताने कशी ओवायची? ओहायोतील बर्नार्ड कझिनो आणि जॉर्ज ईश यांनी न संपणाऱ्या टेपचे डबीत बसणारे वेटोळे तयार केले होते, आणि १९५९ पासून रेडिओ केंद्रे ते वापरू लागली होती. टेप वेटोळ्याच्या मधून निघते, डोक्यावरून फिरून बाहेरच्या बाजूने पुन्हा गुंडाळली जाते. सुरुवात नाही, शेवट नाही. कॅलिफोर्नियातील अर्ल मुंट्झ याने ते उचलले. हा गृहस्थ जुन्या मोटारी विके आणि जाहिरातीत स्वतःला वेडा म्हणवून घेई. टीव्ही संच स्वस्त करण्यासाठी तो आतील एकेक भाग काढीत जाई, आणि संच बंद पडला की शेवटचा काढलेला भाग तेवढा परत बसवी, अशी त्याची ख्याती. १९६२ मध्ये त्याने मोटारीसाठी चार ट्रॅकची कार्ट्रिज काढली. ट्रॅक म्हणजे टेपवर शेजारी शेजारी मुद्रित केलेल्या लांब रेघा. स्टिरिओला दोन लागतात, म्हणजे चारांत दोन कार्यक्रम बसले.

लिअरच्या कंपनीने मुंट्झच्या यंत्रांची वितरणव्यवस्था घेतली आणि ती विमानांतही बसवली. पण लिअरला ते यंत्र पसंत पडेना. कार्ट्रिज आत घातल्यावर टेप दाबून धरणारे चाक खटका ओढून वर आणावे लागे आणि कार्यक्रम बदलण्यासही हात घालावा लागे. लिअरच्या कंपनीतील रिचर्ड क्राउस या अभियंत्याने ते चाक कार्ट्रिजच्या आतच बसवले. त्याच पाव इंची टेपवर आठ ट्रॅक, म्हणजे चार कार्यक्रम, घेतले. टेपच्या जोडावर धातूची पट्टी लावली. ती सरकत आली की यंत्रातील डोके आपोआप पुढच्या ट्रॅककडे वळे. चालकाने फक्त कार्ट्रिज ढकलायची. एक हात, तोही क्षणभर, आणि नजर रस्त्यावर. मोटारीत कोणते यंत्र चालेल याची याहून चांगली कसोटी मला तरी सुचत नाही.

तरीही एवढ्यावर ते यंत्र चालले नसते, आणि माझ्या मते लिअरचे खरे कर्तृत्व पुढेच आहे. यंत्र आहे पण गाणी नाहीत तर कोणी घेत नाही. यंत्रे नाहीत तर गाणी कोणी काढत नाही. क्रायस्लरची तबकडी याच पेचात बुडाली होती. लिअरने मोटारी बनवणारे फोर्ड, गाणी काढणारी आरसीए व्हिक्टर, टेपवाले अँपेक्स आणि यंत्र बनवणारी मोटोरोला यांना एका बाजूला आणले. सप्टेंबर १९६५ मध्ये फोर्डच्या १९६६ सालच्या मस्टँग, थंडरबर्ड आणि लिंकन या गाड्यांत हे यंत्र मागणीप्रमाणे मिळू लागले, आणि त्याच वेळी आरसीएने पावणेदोनशे कार्ट्रिज बाजारात आणल्या. तरुणपणी ज्या कंपनीसाठी रेडिओ केला तिनेच आता त्याची टेप फोर्डच्या गाड्यांत पोचवली. गॅल्व्हिन मात्र १९५९ मध्येच वारले होते. मुंट्झचा धंदा काही वर्षांतच बसला. आज सर्वत्र लिअरचेच नाव घेतले जाते. कझिनो, ईश, मुंट्झ, क्राउस हे मागे पडले. हा अन्यायच होय. तथापि त्या चौघांपैकी कोणी फोर्ड आणि आरसीएला एका टेबलाशी बसवू शकला असता, असे मला वाटत नाही.

या टेपचे दोष तिच्या गुणांतच होते. न संपणारे वेटोळे मागे फिरवता येत नाही. गाणे निसटले तर पूर्ण फेरी होईपर्यंत थांबा. दोन बाजूंची लाँग प्ले तबकडी चार समान तुकड्यांत बसवायची, म्हणून गाण्यांचा क्रम बदलत, आणि तेही जमले नाही तर गाणे मध्येच विरे, यंत्र खट्ट करी, आणि उरलेले गाणे पुढच्या ट्रॅकवर सुरू होई. ख्यालाच्या ऐन रंगात कोणी दार आपटावे तसे! वेटोळ्याचे थर एकमेकांवर घासत, वंगण झिजे, उन्हात टेप अडके.

याच्या आधीच, १९६३ मध्ये, फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट मांडली होती. तिची टेप अरुंद आणि गती निम्मी, म्हणून आवाज आरंभी डावा. पण ती मागेपुढे फिरे, खिशात मावे, आणि मुख्य म्हणजे घरी स्वतः भरता येई. एट-ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे निघाली, पण ती रुळली नाहीत. फिलिप्सने दुसऱ्या कारखान्यांना कॅसेट बनवण्याची मुभा मोबदला न घेता दिली. पुढे डॉल्बीच्या पद्धतीने टेपची खरखर कमी झाली आणि आवाजातील अंतरही घटले. लिअरने मोटार चालवणाऱ्याच्या हाताचा विचार केला. त्याच माणसाला घरी बसून आपल्या आवडीची गाणी निवडून भरायची असतील, हे ध्यानात घेतले नाही. आपल्या देशात तर एट-ट्रॅक कधी रुळलीच नाही. आपण रेडिओवरून थेट कॅसेटवर आलो.

लिअरला या लढाईत फारसा रस उरलाही नव्हता. १९६७ मध्ये त्याने जेटची कंपनी गेट्स रबर कंपनीला विकली आणि नेवाडा राज्यातील रेनो येथे वाफेवर चालणाऱ्या मोटारीच्या मागे लागला. पुष्कळ पैसा ओतला. त्याची वाफेची बस १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चालवूनही पाहिली, पण पुढे काही झाले नाही. मग नव्या प्रकारचे, मागे पंखा असलेले विमान हाती घेतले. ते अपुरे असतानाच १४ मे १९७८ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या नावावर शंभराहून अधिक पेटंटे होती. विमान पुरे करण्याचे काम पत्नी मोया हिने पुढे नेले. ते १ जानेवारी १९८१ रोजी उडाले, पण आर्थिक करारात १९८० ची मुदत असल्याने कागदोपत्री ती तारीख ३२ डिसेंबर १९८० अशी मानली गेली. लिअरला हे फार आवडले असते.

त्याच्या मृत्यूच्या वर्षी अमेरिकेतील नव्या मोटारींत एट-ट्रॅक मिळत होती. १९८३ पर्यंत दुकानांतून ती नाहीशी झाली. १९८४ मध्ये पायोनियरने मोटारीसाठी सीडीचे यंत्र काढले. त्यानंतर पेन ड्राइव्ह आणि मोबाइल आले.

माझ्या मामाचा टेम्पो बेळगाव-कोल्हापूर रस्त्यावर असतो. कॅसेटचे यंत्र काढून टाकले तरी सीटखाली कॅसेटचा डबा अजून आहे. अभंग, लावण्या आणि राजकुमारची कन्नड गाणी त्यात एकत्र नांदतात. यंत्र होते तेव्हा तो रस्त्यावरची नजर न काढता चाचपून कॅसेट बदलत असे. आता गाणी मोबाइलवर असतात. मी बरोबर असलो की मामा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून मोबाइल माझ्याकडे सरकवतो आणि म्हणतो तसे गाणे मी शोधून लावतो. मी नसलो की तो रेडिओ लावतो.